मामांनी भरलेली कॉइल

अकरावी आणि बारावीची दोन वर्षं मी सांगलीत, विश्रामबागच्या मागच्या बाजूला, मामांच्या घरी काढली. आमचं घर वडूजला. वडील प्राथमिक शिक्षक होते. मुलीला इंजिनियर करायचं असेल तर तिला सांगलीला ठेवा, असं त्यांना त्यांच्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं, आणि हेडमास्तरांचं ऐकायची वडिलांना सवय होती. मला काय व्हायचंय हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी इंजिनियरच म्हणाले असते. मी एक पत्र्याची ट्रंक, एक गादी आणि आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन एसटीनं आले. चटणी आठ दिवसांत संपली, कारण ती मामांना आवडली.

मामा मोटारी भरायचे. भरायच्या म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार काढून नवी गुंडाळायची. फौजेत पंधरा वर्षं हेच काम करून आले होते. घराची पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या घर. पलूस, तासगाव या बाजूचे शेतकरी जळालेल्या मोटारी टेम्पोतून आणून अंगणात उतरवत, आणि उन्हाळ्यात अंगणात पाय ठेवायला जागा राहत नसे. सकाळी छिन्नीचा आवाज सुरू व्हायचा. जळकी तार मोटारीच्या गाळ्यांतून, म्हणजे तार बसवायच्या खाचांतून, सहज निघत नाही, ती तोडून ओढून काढावी लागते. दुपारी वॉर्निशचा वास यायचा. भरलेली मोटार पुन्हा लवकर जळू नये म्हणून तिच्यावर वॉर्निश ओतून ती वाळवायची असते. तो वास आमटीला लागायचा, भाकरीला लागायचा, धुतलेल्या कपड्यांना लागायचा. मामी म्हणायच्या, "आमच्या घरात जेवलेला मानूस आठवडाभर जळत न्हाई." त्या हे प्रत्येक पाहुण्याला सांगत. मामा प्रत्येक वेळी नव्यानं हसत.

मामांची भाषा अर्धी गावची आणि अर्धी फौजेची होती. काम चांगलं झालं की "एकदम ओके" म्हणायचे, बिघडलं की "खोला परत" म्हणायचे. दोन्ही एकाच आवाजात. दुकानात गुंडाळायचं एक हातयंत्र होतं, त्याचा मोजणीचा काटा मोडलेला होता. मामा दांडा फिरवत आणि मी शेजारी बसून वेढे मोजत असे. एका गाळ्यात अठ्ठेचाळीस हवे असतील तर अठ्ठेचाळीसच. मी फिजिक्सच्या तोंडी प्रश्नांची उत्तरं पाठ करता करता वेढे मोजायला शिकले. आजही कंटाळवाण्या पत्रकार परिषदेत मी खुर्च्या मोजते, हे त्यामुळं असावं.

कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. तिथल्या सगळ्या प्रयोगांत मला मीटर ब्रिज आवडायचा, कारण तो समजायचा. एका फळीवर एक मीटर लांबीची तार ताणून बसवलेली. डाव्या बाजूला ज्याचा रोध माहीत नाही अशी कॉइल जोडायची, उजव्या बाजूला रोधपेटीतून माहीत असलेला रोध घ्यायचा. मग जॉकी नावाचा टोकदार तुकडा त्या ताणलेल्या तारेवर टेकवत टेकवत पुढं जायचं. गॅल्व्हानोमीटरची सुई एकीकडं कलते, मग दुसरीकडं कलते, आणि मध्ये एका जागी हलतच नाही. त्या जागेपासून तारेच्या दोन टोकांपर्यंतची अंतरं ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात दोन्ही रोध. म्हणजे एक गुणाकार, एक भागाकार, आणि अज्ञात रोध हातात.

आमच्या कॉलेजात मात्र तो अज्ञात नव्हता. काळ्या डब्या होत्या, त्यांवर पांढऱ्या रंगानं X आणि Y लिहिलेलं. X म्हणजे चार ओम आणि Y म्हणजे तीन ओम, हे सगळ्यांना अकरावीत पाऊल ठेवण्याआधी माहीत असायचं. कुणाच्या भावाचं जर्नल, कुणाच्या आतेबहिणीचं जर्नल, कुणाला क्लासच्या सरांनी दिलेलं झेरॉक्स जर्नल. मुलं आधी उत्तर लिहीत, उत्तरावरून गणित उलटं करून अंतर काढत, आणि मग जॉकी त्या अंतरावर नेऊन ठेवत. सुई हलते की नाही हे बघायचं कारण नसे. माझ्याकडं कुणाचं जर्नल नव्हतं. आमच्या घरातून सायन्सला गेलेली मी पहिली. त्यामुळं मी तारेवरून जॉकी टेकवत जायची, सुई थांबायची वाट बघायची, आणि माझं उत्तर कधी तीन पॉइंट नऊ यायचं, कधी चार पॉइंट एक. आमचे देसाई सर त्याखाली लाल शाईनं 'काळजीपूर्वक करा' असं लिहीत. चार लिहिणाऱ्यांच्या वहीत 'उत्तम' असायचं.

बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले होते तेव्हा, एका रविवारी सकाळी, प्रयोगशाळेतले शिपाई, बाबर, मामांच्या दुकानात आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली X ची डबी होती. त्यांनी ती प्रयोगशाळेतल्या नव्या बॅटरी-चार्जरला लावून बघितली होती आणि तशीच जोडलेली ठेवून जेवायला गेले होते. परत आले तेव्हा लॅबमध्ये धूर होता.

"आवं मिस्त्री, एवढं भरून द्या. सायबाला कळलं तर डेड स्टॉकचं रजिस्टर काढून बसंल."

"मोटर कुटं हाय हिची?" मामांनी विचारलं.

"मोटर न्हाई हो. निस्ती कॉइल."

"निस्त्या कॉइलचं करता काय?"

बाबरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "रोध मोजतात."

मामांनी डबी खोलली. आत लाकडी रिळावर करपलेली तार होती. त्यांनी एक टोक खरवडलं आणि खिडकीपाशी नेऊन बघितलं. तार पांढुरकी होती. मामांनी ती मामींना दाखवली. मामींनी तांदूळ निवडता निवडता बघितली.

"पांढरी हाय," मामी म्हणाल्या.

"हलकी तार घातलीया कंपनीनं. पोरास्नी कोन बघतंय म्हनून. बाबर, असलं काम आपुन करत न्हाई गड्या. मी अस्सल तांब्याची घालतो. हिचं कॉलेज हाय ते."

"मला काय त्यातलं कळतंय? दोन टोकं भाईर आली म्हंजे झालं."

मामांनी जळकी तार उलगडून टेपनं मोजली. गेजपट्टीच्या खाचेत घालून जाडी बघितली. तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीची नवी तांब्याची तार घेतली आणि दांडा फिरवला. मी वेढे मोजले. मोटारीला घालतात त्याच वॉर्निशचा हात दिला. वाळल्यावर दोन टोकं दुकानातल्या टेस्टिंग बोर्डाला लावली. त्या बोर्डावर शंभरचा बल्ब असायचा. कॉइल धड असली की तो पेटायचा. बल्ब लख्ख पेटला.

"करंट कसा मोकळा चाललाय बघ," मामा मला म्हणाले. "कुटं अडकत न्हाई. एकदम ओके."

मी मान हलवली. त्याच महिन्यात चाचणी परीक्षेत कोणत्या धातूचा रोध किती याचा तक्ता मी बिनचूक लिहिला होता. तांबं त्यात अगदी तळाला होतं. त्या तक्त्याचा समोरच्या तारेशी काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही. आणि शंभरच्या बल्बला चार ओम आणि जवळपास शून्य ओम यांतला फरक दाखवता येत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाबरांनी डबीवरचं X ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ केलं आणि ती सायकलच्या पिशवीत टाकून नेली.

परीक्षेचे बाहेरचे परीक्षक साताऱ्याहून आले होते. उंच, किडकिडीत, अंगात बाह्यांचा स्वेटर. त्या वर्षी इंजिनियरिंगचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता आणि प्रात्यक्षिकाचे मार्क त्यात धरले जायचे. वडिलांनी पत्रात लिहिलं होतं की प्रात्यक्षिकात एकही मार्क जाता कामा नये, कारण थिअरीत तो कुणाचाही जातो. टेबलावर चिठ्ठ्या उपड्या ठेवलेल्या. मी उचललेल्या चिठ्ठीवर मीटर ब्रिज होता, X काढायचा. मला बरं वाटलं.

जोडणी केली. रोधपेटीतून दोन ओम घेतले. जॉकी मध्यावर टेकवला, सुई डावीकडं गेली. थोडी डावीकडं सरकले, सुई डावीकडंच. तीस सेंटिमीटर, वीस, दहा. साडेसहावर सुई थांबली. मी जोडणी सोडली, टोकं पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा जोडली. साडेसहा. पेटीतून तीन ओम घेतले. साडेचार. चार ओम घेतले, तीन पॉइंट चार. गुणाकार-भागाकार केला. तिन्हींचं उत्तर शून्य पॉइंट चौदा आलं. वर्षभरात माझी तीन उत्तरं इतकी सारखी कधी आली नव्हती. तेव्हा मला तो तक्ता आठवला. तांब्याच्या तारेला रोध करायला फार लांब तार लागते. मामांनी तेवढ्याच लांबीची घेतली होती.

त्या सकाळी त्याच टेबलावर माझ्याआधी दोन बॅचमधल्या मुलांनी तोच प्रयोग केला होता. त्यांचे कागद परीक्षकांच्या टेबलावर वजनाखाली ठेवलेले होते आणि वरच्या कागदावरचं उत्तर मला बसल्या जागेवरून दिसत होतं. चार पॉइंट शून्य शून्य.

परीक्षक फिरत फिरत माझ्यापाशी आले. देसाई सर तेव्हा खाली चहाला गेले होते.

"नाव काय? गाव?"

"वडूज, सर."

"अरे वा. आपल्याच जिल्ह्यातली की." त्यांनी माझा कागद उचलला. "पॉइंट चौदा? दशांश चुकलाय तुझा."

"नाही सर."

"बाकीच्यांचं चार आलंय."

"हो सर."

त्यांनी स्वेटरची बाही मागं सारली, स्टूल ओढलं आणि जॉकी हातात घेतला. बराच वेळ त्यांना जॉकी कसा धरायचा हे आठवत नव्हतं. तो सरकवायचा नसतो, उचलून टेकवायचा असतो. मी सांगितलं नाही. पेटीतून पुन्हा दोन ओम घेऊन त्यांनी तो आधी सदुसष्टच्या आसपास टेकवला, कारण दोन ओमला चार ओमचं उत्तर तिथं येतं. सुई पार टोकाला गेली. मग ते डावीकडं, डावीकडं येत साडेसहावर थांबले. पुन्हा एकदा सदुसष्टवर जाऊन आले. मग डबी उचलून कानापाशी हलवली, खालचा स्क्रू नखानं फिरवून झाकण थोडं उघडलं आणि आत बघितलं. आत वॉर्निशखाली तांबूस रंग दिसत होता.

"ही कॉइल कुणी भरली?"

दाराशी बाबर उभे होते. त्यांच्या हातात परीक्षकांसाठी आणलेला चहाचा कप होता आणि बशीत दोन बिस्किटं. ते आत आले नाहीत.

परीक्षकांनी आवाज खाली आणला. "हे बघ. तुझं बरोबर आहे. पण सकाळपासून दोन पोरांनी इथं चार लिहिलंय आणि मी त्याखाली सह्या केल्यात. तू हे लिहिलंस तर मला रिपोर्ट द्यावा लागेल. रिपोर्टात ही कॉइल कुणी दिली, कुणी भरली, सगळं येईल. तू चार लिहिलंस तर काहीच नाही."

मी विचारलं, "आणि मार्क?"

"पूर्ण," ते म्हणाले.

त्यांनी मला कोरा कागद दिला. मी उलटं गणित कधी केलं नव्हतं, त्यामुळं जरा वेळ लागला. सहासष्ट पॉइंट सात, सत्तावन्न पॉइंट एक, पन्नास. आकडे अगदीच नीटनेटके दिसत होते, म्हणून मी त्यांतला एक पॉइंट दोननं इकडंतिकडं केला. परीक्षकांनी ते बघितलं आणि सही केली. जुना कागद त्यांनी चार घड्या घालून स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवला. मग बाबरांना हाक मारून चहा घेतला.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "आपली कॉइल कशी चालली?"

"चांगली," मी म्हणाले.

"चालनारच." त्यांनी मामींना हाक मारून सांगितलं, "अगं, कॉइल चालली." मामींनी त्या दिवशी भडंग केलं होतं. मी दोन वाट्या खाल्लं.

पुढचे तीन महिने मी स्वतःला जे सांगत होते ते असं. मी खरं लिहिलं असतं तर बाबरांची चौकशी झाली असती. मामांचं नाव कागदावर आलं असतं, आणि कॉलेजची कॉइल बिघडवणारा मिस्त्री म्हणून पलूस-तासगावच्या लोकांनी मोटारी दुसरीकडं नेल्या असत्या. मी ते होऊ दिलं नाही. हे मी वडूजला सुट्टीत झाडाखाली बसून सांगायची, निकालाच्या दिवशी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते पटायचं. निकाल चांगला लागला. प्रात्यक्षिकात एकही मार्क गेला नव्हता. थिअरीत गेले, तेवढे सगळ्यांचेच गेले होते.

प्रवेशाचा अर्ज भरायला मी सांगलीत परत आले त्याच आठवड्यात बाबर पुन्हा दुकानात आले. या वेळी हातात Y ची डबी होती. ती जळालेली नव्हती.

"मिस्त्री, हीबी तांब्याची करून टाका. तुमच्या एक्सची अख्ख्या परीक्षेत एक तक्रार न्हाई आली. हिचं वॉर्निश उडाय लागलंय, कवा जाईल सांगता येत न्हाई."

मामांनी डबी घेतली, स्क्रू काढले आणि दांड्यापाशी ठेवली. मला म्हणाले, "बस मोजायला." बाबर निघून गेले. कॉलेज सुरू झालं की साठ-सत्तर मुलं त्या दोन डब्या घेऊन बसणार होती, आणि त्यांतली एखादी माझ्यासारखी, कुणाचं जर्नल नसलेली असणार होती. मी म्हणाले, "मामा, थांबा."

हातबॅटरी आणली. तिचे सेल आणि बल्ब काढून तारेनं जोडले, मध्ये Y ठेवली. बल्ब पेटला, पण पिवळट, मरगळलेला. मग Y काढून तिच्या जागी तेवढ्याच लांबीची तांब्याची तार ठेवली. बल्ब पांढरा फक पेटला. मामांनी दोन्ही स्वतः करून बघितलं. मग पुन्हा Y लावली आणि बल्बवर हाताची सावली धरून बघत राहिले. मला वाटलं होतं समजवायला वेळ लागेल. लागला नाही.

"म्हंजे करंट अडवायचाच हुता हितं."

"हो."

"किती अडवतोय ते बघायचं, आसं."

"हो."

"मग ही पांढरी तार हलकी न्हाई. मुद्दाम घातलेली हाय." त्यांनी Y चं झाकण परत लावलं. "आमचं सगळं आयुष्य मोकळा सोडण्यात गेलं. ह्याचं उलटं हाय." ते थोडं हसले. "एक्स किती यायला पायजे हुती?"

"चार. आली पॉइंट चौदा."

"तुला कवा कळलं?"

"परीक्षेत."

"मंग काय लिवलंस?"

"चार."

मामींचं तांदूळ पाखडणं थांबलं होतं. मामांनी विचारलं, "का गं?"

"तुमचं नाव आलं असतं, मामा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. एखादा शेतकरी मोटार कशानं जळाली ते चुकीचं सांगतो तेव्हा ते जसं बघायचे तसं बघितलं.

"येऊ द्यायचं हुतं की. खोललं आसतं, परत गुंडाळलं आसतं. रोज काय करतो मी?"

ते उठले, सायकल काढली आणि X परत आणायला बाबरांच्या मागं गेले. मी दुकानात बसून राहिले. तीन महिने मी जे सांगत होते त्यातलं मामांचं नाव एका वाक्यात निघून गेलं, आणि बाबर त्यामागोमाग गेले, कारण त्यांचा विचार मी फारसा केलाच नव्हता. उरले मार्क. ते पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी मी ते प्रवेशाच्या अर्जावर, त्यासाठी दिलेल्या चौकोनात, स्वच्छ अक्षरात लिहिले.